मॉड्युलर घ्यावं की जुना ज्युनो?

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, वय ३१. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. बाजूला काढलेले १ लाख २० हजार रुपये आहेत. मॉड्युलर सिंथेसायझरचे (सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) व्हिडिओ बघून डोक्यात दुसरं काही राहिलेलं नाही. त्यातच पुण्यात एकाकडे जपानहून आलेला रोलंड ज्युनो-१०६ हा जुना सिंथेसायझर विकायला आहे. तो म्हणतो, ‘एकदम ओके कंडिशन’. घरचे म्हणतात, आजोबांच्या पायपेटीचे दोन सूर बसलेत, ती आधी नीट कर. मला तानपुऱ्यासारखा भरणारा आवाज, मींड आणि स्वतः घडवलेले आवाज हवे आहेत. सुरुवात कशापासून करू?
– एक पेटीवाला

उत्तर : नमस्कार पेटीवाले. आधी निकाल सांगतो, मग कारणं. एका ओळीत मावेल एवढं छोटं मॉड्युलर घ्या, पण दोन महिन्यांनी. ज्युनो प्रत्यक्ष तपासल्याशिवाय घेऊ नका, आणि तपासून चांगला निघाला तरी हे पैसे त्यात घालू नका. पायपेटी मात्र याच महिन्यात दुरुस्तीला द्या. घरच्यांचं बरोबर आहे, आणि पुढे ती या सगळ्यात कामालाही येणार आहे.

जुनं किंवा परदेशी वाद्य घेताना आमची कसोटी एकच असते : हे बंद पडलं तर कोल्हापुरात बसून सुरू करता येईल का? आवाज कसा आहे, नाव किती मोठं आहे, हे त्यानंतर. तुम्ही मेंटेनन्सचे आहात. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न तुमच्या हाताला सवयीचं आहे. त्यामुळे ही कसोटी तुमच्यासाठी बऱ्याच जणांपेक्षा सोपी आहे आणि नेमक्या याच कारणानं तुमचं पारडं मॉड्युलरकडे झुकतं.

ज्युनोचं आधी संपवू. ज्युनो-१०६ हे १९८४ चं मॉडेल. ६१ पट्ट्या, एका वेळी सहा सूर, मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची सोय) आहे, कोरस सुंदर आहे. पण प्रत्येक सुराचा फिल्टर आणि व्हॉल्यूमचा भाग ८००१७ए नावाच्या एकेका चिपवर आहे आणि रोलंडनं त्या चिपवर काळ्या इपॉक्सीचा थर दिला होता. वर्षानुवर्षांनी तो थर आतून वीज झिरपू देतो. मग एखादा सूर कुरकुरतो, एखादा बोट उचलल्यावरही रेंगाळतो, एखादा गायब होतो. उपाय आहेत : चिप काढून असिटोनमध्ये ठेवून थर सोलून काढायचा, किंवा नव्यानं बनवलेली पर्यायी चिप बसवायची. दोन्हींत जुन्या बोर्डवरून बऱ्याच पायांची चिप उतरवावी लागते आणि घाई झाली की तांब्याचा पॅड उचकटून येतो. सहापैकी एक गेली असेल, तर बाकी पाचही त्याच वयाच्या आहेत हे धरून चाला.

तरीही पुण्याला जाऊन बघायचा मोह होईलच. मग नीट बघा. सर्वांत आधी मागची पाटी वाचा. जपानी बाजारातल्या वाद्यावर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो सरळ आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये घातला तर नशीब असेल तर फ्यूज जाईल, नसेल तर पॉवर सप्लाय आणि त्यापुढचं सगळं. विक्रेता ‘कन्व्हर्टर देतो’ म्हणाला तर कन्व्हर्टरवर ११० लिहिलंय का १०० ते बघा. आपल्याकडे रात्री उशिरा लाइन २५० पर्यंत चढली की २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर जवळजवळ १२० बाहेर काढतो, म्हणजे वाद्याला २० टक्के जास्त. ते लगेच जळत नाही. आतले रेग्युलेटर तापत राहतात, शेजारचे कपॅसिटर वाळत जातात आणि सहा महिन्यांनी गुणगुण सुरू होते. जपानी वाद्यासाठी वाइंडिंगवाल्याकडून २३० ते १००, १०० व्हीएचा, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर करून घ्यावा. ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात लाइन आणि वाद्य यांच्यात आडपडदा नसतो.

(जाता जाता : व्होल्टेजइतकीच कधी फ्रीक्वेन्सीही नडते. अमेरिकेतला जुना हॅमंड टोनव्हील ऑर्गन ६० हर्ट्झच्या लाइनवर फिरणाऱ्या मोटरवर चालतो. आपल्या ५० हर्ट्झवर त्याची मोटर हळू फिरते आणि अख्खं वाद्य तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त उतरतं, पांढरी एक दाबली की खालच्या काळी पाचच्याही खालची पांढरी सहा ऐकू येते. ट्रान्सफॉर्मर कितीही चांगला असला तरी हा दोष जात नाही. ज्युनोला ही अडचण नाही.)

मग वाद्य वीस मिनिटं चालू राहू द्या. थंड वाद्यावर दोष लपतात. कोरस बंद करा, एकच पट्टी सावकाश बारा वेळा दाबा. सहा सूर पाळीपाळीनं वाजतात, त्यामुळे एखादी चिप खराब असेल तर दर सहाव्या वेळी आवाज वेगळा येईल. फिल्टरचा स्लायडर अर्ध्यावर, रेझोनन्स वर, पुन्हा बारा वेळा. प्रत्येक स्लायडर सावकाश फिरवा. खरखर आली तर ते कॉन्टॅक्ट क्लीनरनं जातं, पण आवाज मध्येच उडी मारत असेल तर ट्रॅक झिजलेला आहे. आतली बॅटरी सीआर२०३२ असते आणि सोल्डर केलेली असते. साठवलेले आवाज गेले असतील तर ती संपली आहे. हा दोष किरकोळ आहे, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते कॉर्ग पॉलिसिक्ससारख्या वाद्यातल्या जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला, कारण ती फुटून गळते आणि बोर्डवरचे ट्रॅक खाऊन टाकते.

जुन्या पट्ट्यांचीच ओढ असेल तर त्याच वयातला यामाहा डीएक्स७ (१९८३) सांभाळायला पुष्कळ सोपा. आवाज पूर्ण डिजिटल, सोळा सूर, ज्युनोसारखं चिपचं दुखणं नाही. बॅटरी, पट्ट्यांचे कॉन्टॅक्ट आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर एवढंच बघावं लागतं. मात्र त्याचा आवाज घडवणं किचकट आहे आणि मिडीवर तो पट्टीचा जोर पूर्ण १२७ पर्यंत पाठवत नाही, साधारण १०० ला थांबतो. म्हणून त्यावरून दुसरं वाद्य वाजवलं की ते जरा दबकं वाटतं. आणि कोणी रोलंड जेडी-८०० किंवा डी-७० दाखवला तर पट्ट्यांच्या खाली बॅटरी मारून बघा. वजनं चिकटवायला वापरलेला लाल गोंद वितळून खाली ओघळतो, पट्ट्या चिकटतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो आणखीच पातळ होतो.

आता मॉड्युलर. बघताना तारांचं जंजाळ दिसतं, पण दुरुस्तीच्या दृष्टीनं यासारखं सरळ वाद्य नाही. प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे एकेक सुटा भाग, दोन किंवा चार स्क्रूंवर. बिघडलं तर तेवढंच बाहेर काढा, बाकी वाजतच राहतं. आणि हे वाद्य भारतात नवखं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला होता.

आज घराघरांत दिसतं ते मॉड्युलर म्हणजे युरोरॅक. जर्मनीच्या डीटर डोफर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात ए-१०० या मालिकेबरोबर ही पद्धत आणली. पॅनेलची उंची १२८.५ मिमी. रुंदी एचपीत मोजतात, १ एचपी म्हणजे ५.०८ मिमी. साडेतीन मिमीचे मोनो जॅक, +१२ आणि −१२ व्होल्टचा सप्लाय, काही मॉड्यूलना +५ सुद्धा. सुराची उंची व्होल्टेजवर ठरते : १ व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. कंपनी कुठलीही असो, या मापात बसलं की एकमेकांशी जुळतं. (कॉर्ग एमएस-२० मिनी मात्र यात बसत नाही, त्याचं सुराचं व्होल्टेज वेगळ्या हिशेबानं चालतं. स्वस्त मिळाला तरी युरोरॅकला थेट जोडायला म्हणून घेऊ नका.)

पैसे खर्च करण्याआधी दोन महिने लॅपटॉपवर काढा. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २०१७ पासून मिळतं आणि त्यात युरोरॅकच पडद्यावर मांडलेलं आहे. तारा ओढायच्या, बटणं फिरवायची, सगळं तसंच. त्यात फक्त इतकंच घ्या : दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे), एक फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा), दोन व्हीसीए (आवाज व्होल्टेजनं लहान-मोठा करणारे), दोन एडीएसआर (अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज : सूर कसा चढतो आणि विझतो ते ठरवणारे), एक एलएफओ (सावकाश झुलणारं व्होल्टेज देणारा), एक मिक्सर, एक सिक्वेन्सर (पायरीपायरीनं व्होल्टेज देणारा). दुसरं काही उघडू नका. दोन महिन्यांनी जे मॉड्यूल रोज लागलं, तेच विकत घ्यायचं. ज्याला हात लागला नाही, ते व्हिडिओत कितीही चमकत असू दे.

तुम्हाला तानपुरा हवा आहे, म्हणून पहिला पॅच, म्हणजे तारांची जोडणी, त्याचीच. सिक्वेन्सरला चार पायऱ्या द्या. खर्ज शून्य व्होल्ट धरला तर मंद्र पंचम ०.५८५, जोडीचा षड्ज १, पुन्हा १, आणि शेवटी खर्ज ०. एका पायरीला साधारण सव्वा सेकंद. सिक्वेन्सरचं पिच पहिल्या ऑसिलेटरला, वेव्ह सॉ-टूथ. ती मिक्सरमध्ये, तिथून लो-पास फिल्टरमध्ये, तिथून व्हीसीएमध्ये. सिक्वेन्सरचा गेट (सूर चालू-बंदचा इशारा) एडीएसआरला : अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, डिके ३ ते ४ सेकंद, सस्टेन शून्य, आणि रिलीजही ३ ते ४ सेकंद. रिलीज विसरू नका. गेट आखूड असतो, तो संपला की डिके तिथंच थांबतो आणि रिलीज छोटा असेल तर सूर तुटतो. बहुतेकांचा तानपुरा ‘टप टप’ वाजतो तो यामुळेच.

तोच एडीएसआर फिल्टरच्या कटऑफलाही (फिल्टर जिथून वरचा आवाज कापतो ती जागा) द्या आणि रेझोनन्स चढवत न्या. फिल्टर स्वतःच शिटी वाजवायला लागतो त्या जागेच्या थोडं अलीकडे थांबा. आता छेड झाली की कटऑफ वरून खाली उतरताना एकेका स्वयंभू स्वराला (मूळ सुरातच दडलेल्या वरच्या सुराला) स्पर्श करत जातो. जवारीशी नातं सांगणारा झंकार इथून येतो. दुसरा ऑसिलेटर षड्जावर सतत धरून ठेवा, मिक्सरमध्ये अगदी कमी. एक ऑसिलेटर एका वेळी एकच सूर देतो, त्यामुळे नवीन छेड झाली की आधीचा सूर लगेच विझतो. मागचा षड्ज ती खाच भरून काढतो.

पंचमाचा ०.५८५ हा आकडा बघून चक्रावू नका. कीबोर्डचा पंचम ०.५८३३ वर असतो, कारण तिथं सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. शुद्ध पंचम त्यापेक्षा दोन सेंट चढा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). दोन सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण षड्ज काळी एकवर, १३८.६ हर्ट्झला धरा आणि कीबोर्डचा पंचम त्यावर लावून बघा : साधारण दर दोन सेकंदांनी एक लाट येते. पंचमाचं बटण केसभर वर सरकवत गेलात की लाट लांबत लांबत जाते आणि एका जागी विरून जाते. तिथं हात काढा. हे कानानंच करायचं, ट्यूनरनं नाही.

गंधाराला हा फरक खूप जाणवेल. कीबोर्डचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. मिडीवरून ऑसिलेटर वाजवलात तर तो चढा गंधारच येणार. ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवरचं स्केल-ट्यूनिंग बहुतेक वेळा फक्त आतल्या आवाजाला लागू होतं, मिडीतून बाहेर जात नाही. म्हणून मिडीचं व्होल्टेज करणारं मॉड्यूल निवडताना त्यात स्वतःचं स्वरसप्तक भरता येतं का, हे विचारून घ्या. आणि तुमच्या कीबोर्डला पाच पिनांचा मिडी-आउट आहे का तेही बघा. फक्त यूएसबी असेल तर मध्ये यूएसबी होस्ट नावाचं उपकरण लागतं, थेट जोडून चालत नाही.

मींडेसाठी स्ल्यू लिमिटर. डोफरचं ए-१७० हे साधं आणि पुरेसं आहे. पिचची तार त्यातून नेली की एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं. क्वांटायझर वापरत असाल तर तो स्ल्यूच्या आधी लावा. नंतर लावलात तर तो प्रत्येक मधल्या जागेला जवळच्या स्वरावर ओढतो, मग मींडेची शिडी होते.

आता खरेदीचा क्रम. लोक आधी रंगीत मॉड्यूल घेतात आणि पॉवर सप्लायवर काटकसर करतात. तुम्ही उलट करा, एकूण रकमेचा चौथा हिस्सा केस आणि पॉवरला ठेवा. मॉड्यूलच्या कागदावर +१२ आणि −१२ वर किती मिलिअँपिअर लागतात ते दिलेलं असतं. दोन्हींची वेगळी बेरीज करा आणि ३० टक्के वर ठेवा. समजा +१२ वर बेरीज ४६० आली, तर सप्लाय ६०० चा हवा.

तुम्ही स्वतः बांधू शकाल : १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७८१२ आणि ७९१२ (+१२ आणि −१२ देणारे रेग्युलेटर). ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा घेऊ नका. डायोडमधली घट वजा जाता त्यातून जेमतेम सोळा व्होल्ट उरतात. दुपारी लाइन पडली की रेग्युलेटरला लागणारं दोन व्होल्टचं अंतर राहत नाही आणि गुणगुण थेट आवाजात येते. १५ वाला लाइन चढल्यावर तापतो, तेव्हा हीटसिंक मोठा ठेवा. ६०० मिलिअँपिअरला प्रत्येक रेग्युलेटरवर सहा-सात वॅट उष्णता धरा. ट्रान्सफॉर्मर दीड अँपिअरचा, प्रायमरीला ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, आणि केसचा पत्रा अर्थिंगला.

इथं एक जागा हमखास फसवते. ७८१२ चा धातूचा टॅब ग्राउंडला असतो, ७९१२ चा टॅब इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर उघडे ठेवलेत तर उणे बाजू सरळ ग्राउंडला चिकटते. ७९१२ खाली अभ्रक आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश घालायलाच हवं. पायांचा क्रमही दोघांचा वेगळा आहे.

सप्लाय झाला की मॉड्यूल न लावता प्रत्येक सॉकेटवर मल्टिमीटर लावा. मग १२ व्होल्टच्या एखाद्या छोट्या बल्बचा लोड देऊन पुन्हा मोजा. मॉड्यूलच्या रिबन केबलवरची लाल पट्टी −१२ च्या बाजूला जाते. दहा पिनांच्या सॉकेटमध्ये केबल उलटी बसली की +१२ आणि −१२ ची अदलाबदल होते. संरक्षक डायोड नसेल तर आतले ऑप-अँप तत्काळ जातात. खाच असलेले सॉकेट घ्या, तरीही दरवेळी लाइन बंद करून, बॅटरीच्या उजेडात पट्टी बघून मगच केबल बसवा.

केसच्या बाबतीत कोल्हापूरकरांचं नशीब चांगलं आहे. मुंबईकर परदेशातून मागवतात ती केस शिवाजी उद्यमनगरात तुमच्यासमोर होईल. ८४ एचपीची एक ओळ म्हणजे रेल ४२६.७ मिमी. वरच्या आणि खालच्या रेलच्या स्क्रूंमधलं अंतर १२२.५ मिमी. आतली खोली ६० ते ७० मिमी तरी ठेवा, काही मॉड्यूल खोल असतात. रेलला प्रत्येक ५.०८ मिमीवर एम३ चा टॅप मारून घ्यायचा. टॅप वाकडा गेला तर पॅनेल तिरकं बसतं, म्हणून हे काम ड्रिल मशिनच्या भरवशावर न सोडता सीएनसीवर करून घ्या. रिकाम्या जागांसाठी २ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून घ्या. पहिलं भोक डाव्या कडेपासून ७.५ मिमी आणि वरून ३ मिमी. रुंदी हिशेबापेक्षा दोन-तीन दशांश मिमी कमी ठेवा, ८ एचपीला ४०.६४ नाही तर ४०.३. नाहीतर शेवटचं मॉड्यूल आत शिरत नाही. बाजू सागवानी असतील तर उत्तम. साधा प्लाय जुलैत फुगतो आणि रेल ताणल्या जातात.

मॉड्यूलमध्ये दोन ऑसिलेटर, एक लो-पास फिल्टर, दोन व्हीसीए एकत्र असलेलं एक, दोन एडीएसआर, एलएफओ, मिक्सर, स्ल्यू, मिडी-टू-सीव्ही, आउटपुट. सिक्वेन्सर शेवटी. किटवरून स्वतः जोडलेली मॉड्यूल घेतलीत तर पैसे वाचतात आणि आतलं सगळं ओळखीचं होतं. तिकडची युरोतली किंमत बघून हिशेब मांडू नका. मालवाहतूक, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी मिळून आकडा बराच वाढतो. बांधकामाचा उत्साह नसेल तर मूगचं मदर-३२ हे एकाच पेटीत सगळं असलेलं, पुढे केसमधून काढून युरोरॅकमध्ये बसणारं वाद्य आहे, ६० एचपीचं.

सगळं जोडल्यावर पहिली तक्रार येते ती बेसूरपणाची. कारणं दोन. ऑसिलेटरच्या आतला ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे सरकतो. चालू करून अर्धा तास थांबा, पंख्याचा झोत त्यावर नको. दुसरं कारण म्हणजे पिचची एकच तार साध्या मल्टिपलमधून (एका तारेच्या अनेक करणाऱ्या जोडणीतून) दोन ऑसिलेटरना देणं. आउटपुटचा अंतर्गत रोध १ किलोओहम आणि प्रत्येक इनपुटचा १०० किलोओहम असेल, तर दुसरा ऑसिलेटर जोडला की व्होल्टेज आणखी सुमारे एक टक्का पडतं. एका सप्तकाला १२ सेंट, तीन सप्तकांना ३६. खालचा षड्ज जुळतो आणि तार सप्तकातला उतरतो, तो यामुळे. पिचसाठी बफर्ड मल्टिपल घ्या, गेट आणि एलएफओला साधं चालतं.

तरीही वरचे स्वर चुकत असतील तर मागचा १ व्होल्ट प्रति सप्तकाचा ट्रिमर फिरवायचा. शून्य व्होल्टला ट्यूनरवर पांढरी एक लावा, मग १ व्होल्ट द्या. वरची पांढरी एक चढी आली तर ट्रिमर किंचित कमी करा, पुन्हा शून्यावर जाऊन मुख्य बटणानं सूर लावा, पुन्हा १ व्होल्ट. चार-पाच फेऱ्यांत बसतं. मग शून्य ते ३ व्होल्टवर तेच.

मॉड्युलरचा आवाज १० व्होल्टपर्यंत झुलतो, मिक्सरच्या लाइन इनपुटला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच अपेक्षित असतो. म्हणून आउटपुट मॉड्यूल. हेडफोन थेट साडेतीन मिमीच्या जॅकमध्ये खुपसू नका, एकाच कानात आणि कान बधिर करणारा आवाज येतो. मांडवात जनरेटरवर हे वाद्य नेऊ नका. लग्नाला तुमचा नेहमीचा कीबोर्डच बरा.

पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर केस प्लास्टिकनं झाकू नका, आत दमट हवा अडकते. सुती कापड, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि एक दिवसाआड तासभर चालू ठेवणं पुरेसं. जॅक कुरकुरले तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. गंज काढायचा घरगुती स्प्रे मारू नका, तो मागे तेलकट थर सोडतो आणि त्यावर धूळ बसते.

आणि पायपेटी. गोविंदराव टेंब्यांच्या गावात तिची वेगळी थोरवी सांगायला नको. सूर बसण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं : पितळी जीभ आणि चौकट यांच्या फटीत धूळ किंवा लाकडाचा कीस. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच सरकवा, ब्लेड घालू नका. त्यानं न सुटल्यास कारागिराकडेच द्या. सूर बंद पडण्याआधी एकदम उतरला होता का, ते आठवून सांगा. तसं असेल तर जिभेला चीर गेली आहे आणि ती बदलावी लागेल. भात्याचं चामडं आणि पट्ट्यांखालची लोकर कसरीनं खाल्ली आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

पेटी वाजू लागली की तिच्यासमोर एक माइक ठेवा, भात्याच्या धापेपासून दूर, सुरांच्या बाजूला वीतभर अंतरावर. माइकचा आवाज मॉड्युलरच्या मानानं फार बारीक असतो, त्याला डोफर ए-११९ सारखं बाहेरचा आवाज घेणारं मॉड्यूल लागतं. ते आवाज मोठा करतं आणि सोबत तुमच्या भात्याच्या दाबाप्रमाणे वरखाली होणारं एक व्होल्टेजही देतं. आवाज फिल्टरमध्ये, ते व्होल्टेज कटऑफला. पाय जोरात मारला की सूर उजळतो, सैल सोडला की झाकोळतो, आणि खाली तानपुऱ्याचा पॅच चालू. स्पीकर माइकच्या मागे ठेवा, नाहीतर शिटी मारेल.

जुन्या पेट्या आजच्या ४४० च्या मापाला असतीलच असं नाही. मॉड्युलरला त्यानं काही फरक पडत नाही, ऑसिलेटरचं बारीक बटण फिरवून तो पेटीच्या षड्जाला आणता येतो. तेव्हा कारागिराला आधीच बजावून ठेवा : दोन नवे सूर शेजारच्या सुरांशी जुळवा, मोबाइलवरच्या ट्यूनरशी नको, आणि बाकीच्या जिभा घासू नका.